कॉलेज मान्यताप्राप्त आहे, पण मान्यता कोणाची? बेळगाव सीमाभागातल्या पालकांसाठी प्रवेशाआधीची तपासणी

"काका, कॉलेज मान्यताप्राप्त हाय म्हणून सांगितलेत की ओ."

बारावीचा निकाल लागला की हे वाक्य माझ्या ओट्यावर हमखास ऐकू येतं. तीस वर्षं मी एका पदवी कॉलेजच्या ऑफिसात काढली. संलग्नतेच्या फायली, विद्यापीठाची एलआयसी म्हणजे चौकशी समिती, नॅकचे अहवाल, सगळं हातांखालून गेलं. आता निवृत्त झालोय, पण ओळखीचे लोक मुलांना घेऊन येतात आणि विचारतात, इथं घालू का?

गेल्या वर्षी खानापूर तालुक्यातून एक गृहस्थ मुलीला घेऊन आले. घराण्यात कॉलेजची पायरी चढणारी ती पहिलीच. पिशवीत गुळगुळीत कागदाची पुस्तिका होती आणि पंधरा हजार रुपये भरल्याची पावती. पावती मी उजेडात धरून वाचली. वर कॉलेजचं नावच नव्हतं, एका ट्रस्टचं होतं. रकमेसमोर पेनने 'देणगी' लिहिलेलं. पावती क्रमांकाची जागा कोरी. पुस्तिकेच्या पाठीवर सोनेरी शिक्का आणि त्याच्याभोवती गोलाकार अक्षरं: भारत सरकार नोंदणीकृत, मान्यताप्राप्त, स्वायत्त संस्था. "सगळं लिवलंय की यात," मुलगी म्हणाली. लिहिलेलं होतं खरं. पण मान्यता कोणी दिली, कशाला दिली आणि कधीपर्यंत दिली, यातलं काहीच नव्हतं.

पालकांनी हे तीनच प्रश्न धरून बसायचं. आणि उत्तर नेहमी मान्यता देणाऱ्याकडून घ्यायचं. ज्याला मान्यता मिळाली म्हणतात, त्याच्या तोंडून घेतलेलं उत्तर धरायचं नाही.

एकाच शब्दात पाच गोष्टी

आपली खरी अडचण भाषेतच आहे. मराठीत आपण सगळ्याला 'मान्यता' म्हणतो. कन्नडमध्येही 'मान्यते' हाच शब्द चालतो. त्या एका शब्दाखाली पाच वेगळे कागद असतात. संस्थेची नोंदणी, म्हणजे सोसायटी किंवा ट्रस्ट म्हणून कायदेशीर जन्मदाखला. अभ्यासक्रम चालवायची परवानगी, जी एआयसीटीईसारखी (तंत्रशिक्षणाची) परिषद देते. विद्यापीठाची संलग्नता, कन्नड पत्रात 'संयोजने'. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, यादीत नाव असणं. आणि शेवटी मूल्यांकन, म्हणजे दर्जा तपासणाऱ्या नॅक किंवा एनबीए या संस्थांचं.

नोंदणी कोणालाही मिळते. सात माणसं जमवून सोसायटी नोंदवता येते आणि तिच्या प्रमाणपत्रावर सरकारी शिक्काही असतो. 'भारत सरकार नोंदणीकृत' या शब्दांमागे बहुतेक वेळा एवढंच असतं. आयएसओ प्रमाणपत्र, एमएसएमई नोंदणी, नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरचा क्रमांक, यांचा पदवीशी काडीचा संबंध नाही.

सगळ्यात आधी: पदवीवर कोणाचं नाव येणार?

कॉलेजात गेलात की पहिला प्रश्न हा विचारा: "तीन वर्षांनी जो पदवीचा कागद मिळेल, त्याच्यावर कोणत्या विद्यापीठाचं नाव असेल?" उत्तर एका वाक्यात आलं पाहिजे. आढेवेढे सुरू झाले तर तिथून उठा.

यूजीसीच्या १९५६ च्या कायद्यात कलम २२ आहे. पदवी फक्त तिघांनाच देता येते: केंद्राच्या किंवा राज्याच्या कायद्याने स्थापन झालेलं विद्यापीठ, कलम ३ खाली जाहीर झालेली अभिमत (डीम्ड) संस्था, म्हणजे विद्यापीठासारखा दर्जा दिलेली, आणि संसदेने खास अधिकार दिलेली संस्था. धारवाडची आयआयटी तिसऱ्या प्रकारातली. तिच्या नावात विद्यापीठ नाही, तरी ती पदवी देते, कारण आयआयटींचा स्वतंत्र कायदा आहे.

आपल्या भागात उत्तर साधारण असं येतं. कला, वाणिज्य, विज्ञान असेल तर राणी चन्नम्मा विद्यापीठ. ते २०१० मध्ये झालं. त्याआधी बेळगावची कॉलेजं धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाकडे होती, त्यामुळे थोरल्या बहिणीच्या पदवीवर धारवाड आणि धाकट्याच्या पदवीवर राणी चन्नम्मा दिसलं तर घाबरायचं कारण नाही. इंजिनिअरिंग असेल तर बहुधा व्हीटीयू, म्हणजे १९९८ मध्ये स्थापन झालेलं विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ. त्याचं मुख्यालय आपल्या मच्छे भागात आहे आणि बंगळूरच्या कॉलेजांनाही संलग्नता इथूनच जाते. नर्सिंग, फार्मसी, आयुर्वेद असेल तर बंगळूरचं राजीव गांधी आरोग्य विज्ञान विद्यापीठ किंवा एखादी अभिमत संस्था. कायद्याच्या शिक्षणासाठी हुबळीचं राज्य कायदा विद्यापीठ.

कन्नड पाटीवर 'विश्वविद्यालय' वाचलं की ते आपलं विद्यापीठ. 'महाविद्यालय' दोन्हीकडे कॉलेजच. नवख्या पालकांची आणखी दोन शब्दांवर गफलत होते. 'गव्हर्नमेंट फर्स्ट ग्रेड कॉलेज' यातला 'फर्स्ट ग्रेड' हा गुणवत्तेचा शेरा नाही, पदवीपर्यंत शिकवणाऱ्या सरकारी कॉलेजचं कर्नाटकातलं ते नावच आहे. आणि पीयू कॉलेज म्हणजे अकरावी-बारावी. तिथं यूजीसी आणि नॅक यांचा प्रश्नच येत नाही.

'युनिव्हर्सिटी' हा शब्द कोणालाही लावता येत नाही

त्याच कायद्याचं कलम २३ सांगतं की कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठाशिवाय कोणत्याही संस्थेने आपल्या नावाला 'युनिव्हर्सिटी' हा शब्द कोणत्याही प्रकारे जोडायचा नाही. अभिमत संस्थांनासुद्धा नाही. ३ नोव्हेंबर २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात हे स्पष्ट केलं आणि आठवड्याभरात यूजीसीने १२३ अभिमत संस्थांना नावातून 'युनिव्हर्सिटी' काढायला सांगितलं. आपल्या बेळगावातलं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. २००६ पासून अभिमत असलेली केएलई युनिव्हर्सिटी त्यानंतर 'केएलई ॲकॅडमी ऑफ हायर एज्युकेशन अँड रिसर्च' झाली. तेव्हा कितीतरी पालक धास्तावून विचारायला आले होते की मान्यता गेली का? मान्यता कुठंही गेली नव्हती, दर्जा तोच होता. फक्त कायद्याने राखून ठेवलेला शब्द नावातून निघाला. तुमच्याकडे २०१७ आधीची आणि नंतरची अशी दोन नावांची कागदपत्रं असतील तर नोकरीच्या अर्जात दोन्ही नावं लिहा.

या कलमाचा भंग केला तर शिक्षा किती? हजार रुपयांपर्यंत दंड. मला ही फार मोठी उणीव वाटते. एका मुलाकडून घेतलेल्या फीच्या तुलनेत हा दंड काहीच नाही, आणि म्हणूनच खोट्या पाट्या लागत राहतात. यूजीसी बनावट विद्यापीठांची यादी काढते. त्या यादीत आपल्या जिल्ह्याचंही नाव वर्षानुवर्षं येत आलंय: नावात 'वर्ल्ड ओपन युनिव्हर्सिटी' लावणारी गोकाकची एक संस्था. म्हणजे हे दूर बिहार-दिल्लीतच घडतं असं कोणी समजू नये.

मराठी माणसाला 'विद्यापीठ' हा शब्द जवळचा, आणि तिथंच त्याची फसगत होऊ शकते. पुण्याचं टिळक महाराष्ट्र विद्यापीठ १९२१ पासूनचं, भारती विद्यापीठ १९६४ पासूनचं. दोन्ही पुढे रीतसर अभिमत झाली, म्हणून त्यांची पदवी चालते. पण प्रयागचं 'गांधी हिंदी विद्यापीठ' यूजीसीच्या बनावट यादीत आहे. नावातला शब्द पुरावा म्हणून धरू नका. पुरावा यूजीसीच्या संकेतस्थळावर आहे. तिथं केंद्रीय, राज्य, खासगी आणि अभिमत अशा चार वेगळ्या याद्या आहेत. नाव शोधताना ध्यानात ठेवा की १ नोव्हेंबर २०१४ ला शहराचं अधिकृत नाव बदललं. इंग्रजीत 'Belgaum' टाकून सापडलं नाही तर 'Belagavi' टाका. निम्मे लोक एकाच स्पेलिंगवर शोधून "यादीत नाही" म्हणून परत येतात.

संलग्नता कोर्सला असते, इमारतीला नसते

विद्यापीठ खरं आहे एवढं कळलं की पुढचा टप्पा. हे कॉलेज आणि हा कोर्स त्या विद्यापीठाला या वर्षी जोडलेला आहे का?

ऑफिसातल्या अनुभवावरून सांगतो, सर्वाधिक मुलं इथं अडकतात. कॉलेज वीस वर्षांचं असतं, बी.कॉम. व्यवस्थित संलग्न असतं. त्याच भिंतीआड नवा बीसीए सुरू होतो आणि त्याच्या संलग्नतेचा प्रस्ताव अजून फिरत असतो. संलग्नता कायम असते किंवा तात्पुरती. तात्पुरती दर वर्षी वाढवून घ्यावी लागते. एलआयसी येते, वर्गखोल्या, प्रयोगशाळा, पात्र शिक्षक, ग्रंथालय पाहते आणि मग पत्र निघतं. त्या पत्रात कोर्सचं नाव, शैक्षणिक वर्ष आणि मंजूर जागा असतात. साठ जागा मंजूर असताना नव्वद मुलं घेतली तर वरच्या तीस मुलांच्या परीक्षा अर्जाचं काय होणार, याचा विचार करा. तेव्हा ऑफिसात जाऊन म्हणा, "चालू वर्षाचं संलग्नतेचं पत्र दाखवा." चांगलं कॉलेज ते काचेच्या फलकातच लावतं.

त्याच्या जोडीला परिषदेची परवानगी. इंजिनिअरिंग आणि व्यवस्थापनाला एआयसीटीई, आणि २०२४-२५ पासून बीबीए-बीसीएसुद्धा तिच्याच कक्षेत आलेत. डॉक्टरकीला राष्ट्रीय वैद्यकीय आयोग, आयुर्वेदाला भारतीय चिकित्सा पद्धतींचा राष्ट्रीय आयोग, फार्मसीला फार्मसी कौन्सिल, वकिलीला बार कौन्सिल, बी.एड.ला एनसीटीई. नर्सिंगला राज्याच्या नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी होते की नाही हे विचारल्याशिवाय एक रुपया भरू नका, कारण नोंदणी नसेल तर दवाखान्यात उभं करून घेत नाहीत.

'स्वायत्त' या शब्दाचा अर्थही इथंच समजून घ्या. यूजीसीने स्वायत्तता दिलेलं कॉलेज अभ्यासक्रम आखतं, परीक्षा घेतं, मार्क्स कार्ड देतं. पदवी मात्र विद्यापीठच देतं. 'आम्ही स्वायत्त आहोत, आम्हाला विद्यापीठ लागत नाही' असं कोणी म्हणालं तर त्याला स्वायत्ततेचा अर्थच माहीत नाही, किंवा तुम्हाला माहीत नसेल असं तो धरून चालतोय.

पीजीडीएम म्हणजे पदविका आणि एमबीए म्हणजे पदवी, हाही फरक फी भरण्याआधी डोक्यात ठेवा.

नॅक आणि एनबीए: हे परीक्षेचे गुण, जन्मदाखला नव्हे

नॅक ही संस्था १९९४ ची, बंगळूरच्या नागरभावीत. ती संपूर्ण संस्थेचं सात निकषांवर मूल्यांकन करते. चारपैकी गुण देते आणि त्यावरून श्रेणी. ३.५१ पासून वर ए डबल प्लस, ३.२६ पासून ए प्लस, ३.०१ पासून ए. खाली बी डबल प्लस, बी प्लस, बी, सी. दीड किंवा त्याहून कमी असेल तर मानांकन नाही. मुदत साधारण पाच वर्षं. २०२४ मध्ये नॅकने अक्षरी श्रेणींऐवजी 'मानांकित' किंवा 'मानांकित नाही' अशी पद्धत आणण्याचं जाहीर केलं. त्यामुळे काही काळ दोन्ही तऱ्हेची प्रमाणपत्रं दिसतील.

गेटवरचा 'नॅक ए' फलक पाहिला की तीन गोष्टी बघा. मुदत कधी संपते? मूल्यांकन कितव्या फेरीचं? आणि श्रेणी नेमकी कोणाची? आपल्याकडे एका शिक्षण संस्थेच्या छत्राखाली दहा-वीस कॉलेजं असतात. एकाला मिळालेली श्रेणी सगळ्यांच्या जाहिरातीत छापली जाते. नॅकच्या संकेतस्थळावर त्या कॉलेजचं स्वतःचं नाव शोधा.

श्रेणीपेक्षा मला कॉलेजचा स्वयं-अध्ययन अहवाल महत्त्वाचा वाटतो. तो कॉलेजला स्वतःच्या संकेतस्थळावर टाकावा लागतो. शेकडो पानांचा असतो, पण तुम्ही दोनच भाग उघडा. दुसऱ्या निकषात मंजूर पदं किती आणि पूर्णवेळ शिक्षक किती, हे दिसतं. पाचव्यात शिष्यवृत्ती किती मुलांना मिळाली, पुढच्या शिक्षणाला किती गेली, नोकरीला किती लागली, ते असतं. चहाच्या टपरीवर मिळणाऱ्या माहितीपेक्षा हे कितीतरी बरं.

एक गोष्ट मात्र नीट लक्षात घ्या. नॅक नाही म्हणून पदवी खोटी ठरत नाही. एखादं नवं सरकारी फर्स्ट ग्रेड कॉलेज नॅकच्या फेरीत अजून गेलंही नसेल. ते विद्यापीठाशी संलग्न असेल तर तिथली पदवी तितकीच पक्की. घराजवळच्या अशा कॉलेजला नाक मुरडून शहरातल्या चकचकीत पुस्तिकेमागे धावू नका, विशेषतः मुलगी असेल आणि रोज बसने जायचं असेल तेव्हा.

एनबीएचं काम वेगळं. ती संपूर्ण कॉलेजला काही देत नाही, एकेका अभ्यासक्रमाला मानांकन देते. मेकॅनिकलला मिळालेलं मानांकन कॉम्प्युटर सायन्सला लागू होत नाही. नव्याने सुरू झालेल्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या शाखेला तर ते मिळणंच शक्य नसतं, कारण आधी काही तुकड्या उत्तीर्ण होऊन बाहेर पडाव्या लागतात. २०१४ मध्ये भारत वॉशिंग्टन कराराचा, म्हणजे एकमेकांचं इंजिनिअरिंगचं मानांकन मानणाऱ्या देशांच्या कराराचा, कायम सदस्य झाला, त्यामुळे परदेशी जाऊ पाहणाऱ्या इंजिनिअरला एनबीएच्या पहिल्या श्रेणीतल्या (टियर-१) अभ्यासक्रमाचा उपयोग होतो. इतरांनी त्यासाठी जीव टाकू नये.

एनआयआरएफ ही क्रमवारी. एआयएसएचई हा सर्वेक्षणाचा क्रमांक. २-एफ आणि १२-बी हे यूजीसीच्या यादीतले आणि अनुदानपात्रतेचे शेरे. यांपैकी एकही मूल्यांकन नव्हे.

सीमेपलीकडचं विद्यापीठ आणि घरबसल्या पदवी

माझ्या मावसभावाची गोष्ट सांगतो. दुकानात नोकरी करत शिकायचं म्हणून त्याने एका बाजारपेठेतल्या माडीवरच्या अभ्यास केंद्रात नाव घातलं. विद्यापीठ उत्तरेकडच्या एका राज्यातलं, यूजीसीच्या यादीत होतं, आम्ही बघितलंही होतं. तिसऱ्या वर्षी केंद्राला कुलूप लागलं. विद्यापीठाला लिहिलं तर उत्तर आलं की राज्याबाहेर आमचं अधिकृत केंद्र नाही. विद्यापीठ खरं होतं, केंद्र खोटं होतं. तीन वर्षं आणि दुकानाच्या पगारातून भरलेले हप्ते गेले. त्याच्या पेटीत त्या मार्क्स कार्डांचा जुडगा अजून आहे.

राज्याच्या कायद्याने झालेल्या विद्यापीठाला राज्याची हद्द असते. प्रा. यशपाल यांच्या याचिकेवर ११ फेब्रुवारी २००५ ला सर्वोच्च न्यायालयाने छत्तीसगडमधल्या खासगी विद्यापीठांच्या कायद्याची मुख्य कलमं रद्द केली, तेव्हा ११२ विद्यापीठांचा पायाच गेला. हद्दीचा मुद्दा त्या निकालातही होता. आपल्या सीमाभागात तर ही हद्द घरातून दिसते. निपाणीहून कोल्हापूर जवळ, चंदगडच्या लोकांना बेळगाव जवळ. पण कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचं संलग्न कॉलेज बेळगावात असू शकत नाही आणि राणी चन्नम्माचं चंदगडात असू शकत नाही. तसा फलक दिसला तर सावध व्हा. मुलाने हद्द ओलांडून तिकडे जाऊन शिकणं ही वेगळी गोष्ट, त्यात काही अडचण नाही. उलट ८६५ सीमाभागातल्या गावांमधल्या मराठी मुलांसाठी महाराष्ट्राच्या सीईटी प्रवेशात स्वतंत्र तरतूद आहे. फॉर्म भरताना तो रकाना सोडू नका.

दूरस्थ आणि ऑनलाइन कोर्सला यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण विभागाची वेगळी मंजुरी लागते, कोर्सनिहाय आणि सत्रनिहाय. म्हैसूरचं कर्नाटक राज्य मुक्त विद्यापीठ राज्याच्या कायद्याने झालेलं, पूर्णपणे खरं विद्यापीठ. तरी २०१२-१३ नंतर त्याच्या दूरस्थ अभ्यासक्रमांना मान्यता नसल्याचं यूजीसीने २०१५ मध्ये सांगितलं, आणि ती २०१८-१९ पासून पुन्हा मिळाली. मधल्या वर्षांतल्या मुलांचे हाल झाले. तेव्हा विद्यापीठाच्या नावावर थांबू नका, त्या सत्राची यादी उघडा. २०२४ पासून अशा प्रवेशासाठी विद्यार्थ्याला स्वतःचा डेब आयडी, म्हणजे याच विभागाचा ओळख क्रमांक, काढावा लागतो. "आयडी लागत नाही, आम्ही बघून घेतो" म्हणणाऱ्याकडे जाऊच नका. आणि इंजिनिअरिंग, नर्सिंग, फार्मसी, वकिली दूरस्थ पद्धतीने होतच नाहीत.

पैसे भरून झाल्यावर शंका आली तर

खानापूरच्या त्या मुलीचं पुढं काय झालं ते सांगतो. आम्ही तिघांनी माझ्या टेबलावर तिच्याच फोनवर यूजीसीच्या चारही याद्या उघडल्या, नंतर राणी चन्नम्मा विद्यापीठाची संलग्न कॉलेजांची यादी. ते नाव कुठंच नव्हतं. बापाने पुस्तिकेवरच्या नंबरला फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि मुलीने स्वतः विचारलं, "सर, डिग्रीवर कुठल्या युनिव्हर्सिटीचं नाव येतंय?" पलीकडून "अगोदर ॲडमिशन पक्की करा, मग सांगतो" असं आलं. बाप उठला. चार चकरा मारून नऊ हजार परत मिळाले, सहा बुडाले.

तुमच्यावर अशी वेळ आली तर पहिलं काम मूळ कागद सोडवायचं. दहावीचं मार्क्स कार्ड, टीसी, जातीचा दाखला. मूळ कागद कॉलेजने अडकवून ठेवायचे नाहीत, असं यूजीसीने २०१८ च्या सूचनेत स्पष्ट सांगितलंय. पडताळून परत द्यायचे. प्रवेश रद्द केल्यास फी परत करण्याचे नियमही त्यातच आहेत. कॉलेज खरं असेल आणि ऐकत नसेल तर विद्यापीठाच्या कुलसचिवांकडे लेखी अर्ज द्या, पोच घ्या, आणि यूजीसीच्या ई-समाधान पोर्टलवर तक्रार नोंदवा. संस्थाच बनावट असेल तर मात्र हे मार्ग उपयोगाचे नाहीत. थेट पोलीस ठाण्यात फसवणुकीची तक्रार द्या. कन्नड लिहिता येत नसेल तर शेजारच्या कोणाकडून लिहून घ्या, पण लाजून घरी बसू नका. सोबत पावती, पुस्तिका आणि फोनवरचे संदेश जोडा.

म्हणूनच पैसे भरायच्या दिवशी पावती काउंटरवरच वाचा. त्यावर कॉलेजचं पूर्ण नाव, क्रमांक, कोर्स आणि 'शिक्षण शुल्क' हे शब्द हवेत. यादीतलं पान उघडलंत तर त्याची तारखेसह प्रिंट काढा, झेरॉक्सच्या दुकानात दहा रुपयांत होते, आणि पावतीला टाचून ठेवा.